बंडखोराच्या नावाचे शहर आणि देशनिष्ठेचा प्रश्न

सरकारच्या धोरणाला उघड विरोध करणारा नागरिक देशाशी निष्ठावान असू शकतो का, हा प्रश्न सहसा प्रश्न म्हणून विचारलाच जात नाही. तो आरोपाच्या रूपाने येतो, आणि तोही युद्ध, दंगल किंवा निवडणूक अशा वेळी, जेव्हा शांतपणे उत्तर द्यायला कोणालाच उसंत नसते. म्हणून ज्यांचा निवाडा काळाने एकदा करून झाला आहे अशा जुन्या प्रकरणांच्या आधारे त्याचा विचार करणे अधिक उपयोगाचे ठरते. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील फ्रीमाँट हे शहर या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. २०२० च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ३० हजार होती, तीत निम्म्याहून अधिक लोक आशियाई वंशाचे होते, आणि भारतीयांच्या मोठ्या वस्तीत मराठी कुटुंबेही चांगल्या संख्येने आहेत. येथील एकाच घरात आई अमेरिकेची नागरिक, वडील ग्रीन कार्डधारक, मुले जन्माने अमेरिकन आणि काही महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा भारतीय पारपत्र बाळगणारे, अशी स्थिती सहज आढळते. त्यामुळे निष्ठा कोणाशी, किती आणि कशाच्या आधारे, हा विषय या घरांत केवळ तात्त्विक राहत नाही.

सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज या पाच गावांचे मिळून जानेवारी १९५६ मध्ये हे शहर स्थापन झाले, आणि त्याला ज्या जॉन चार्ल्स फ्रीमाँटचे नाव देण्यात आले तो लष्करी न्यायालयाने बंडाच्या आरोपाखाली दोषी ठरवलेला अधिकारी होता. पश्चिमेकडील प्रदेशाची पाहणी करून नकाशे तयार करणारा हा सैनिकी भूमापक १८४६ साली मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात कॅलिफोर्निया जिंकणाऱ्यांमध्ये होता. विजयानंतर प्रदेशाचा कारभार कोणी पाहायचा यावरून नौदलाचे कमोडोर रॉबर्ट स्टॉक्टन आणि भूदलाचे जनरल स्टीफन कर्नी यांच्यात वाद पेटला, तेव्हा फ्रीमाँटने स्टॉक्टन यांनी देऊ केलेले गव्हर्नरपद स्वीकारले व कर्नी यांचे हुकूम मानण्यास नकार दिला. वॉशिंग्टनमध्ये चाललेल्या खटल्यात जानेवारी १८४८ च्या अखेरीस बंड, हुकूमभंग आणि शिस्तीस बाधक वर्तन हे तिन्ही आरोप त्याच्यावर शाबीत झाले. राष्ट्राध्यक्ष जेम्स पोल्क यांनी बंडाचा ठपका अमान्य करून बडतर्फीची शिक्षा माफ केली, पण बाकीचे आरोप कायम ठेवल्यामुळे त्याने राजीनामा दिला. त्यानंतर १८५० साली तो कॅलिफोर्नियाच्या पहिल्या दोन सिनेटरांपैकी एक झाला आणि १८५६ साली, गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या नव्या रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा पहिला उमेदवार म्हणून उभा राहून पराभूत झाला.

त्याची दुसरी अवज्ञा अधिक अर्थपूर्ण आहे. यादवी युद्धाच्या पहिल्याच वर्षी, ३० ऑगस्ट १८६१ रोजी, मिसूरी राज्यात सेनापती असलेल्या फ्रीमाँटने, वरिष्ठांना न विचारता, बंडखोरांच्या गुलामांना मुक्त केल्याचा जाहीरनामा काढला. सीमेवरील गुलामगिरीवादी राज्ये हातची जातील या भीतीने अब्राहम लिंकन यांनी तो बदलण्यास सांगितले, फ्रीमाँटने स्वतःहून बदल करण्यास नकार दिला, आणि लिंकन यांनी आधी जाहीरनामा व नंतर सेनापती, दोन्ही बाजूला सारले. जानेवारी १८६३ मध्ये मात्र लिंकन यांनाच बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्तीची घोषणा करावी लागली. सेनापतीने राष्ट्राध्यक्षांना डावलून धोरण ठरवणे लोकशाहीत बसत नाही, हे लिंकन यांचे म्हणणे त्या वेळीही बरोबर होते आणि आजही आहे. तरी गुलामगिरी न मोडता हे युद्ध जिंकण्यात अर्थ नाही, हे फ्रीमाँटला राष्ट्राध्यक्षांच्या सव्वा वर्ष आधी उमगले होते, हेही तितकेच खरे. अर्थात त्याचे चरित्र पूजनीय आहे असे नव्हे. १८४६ च्या एप्रिलमध्ये सॅक्रामेंटो नदीकाठी त्याच्या तुकडीने तेथील मूळ रहिवाशांची कत्तल केली, आणि कर्नींशी झालेल्या भांडणात तत्त्वापेक्षा महत्त्वाकांक्षाच अधिक होती. अवज्ञा केली एवढ्यावरून माणूस थोर ठरत नाही, आणि आज्ञा पाळली एवढ्यावरून देशभक्तही ठरत नाही, असा दुहेरी धडा एकाच माणसाच्या आयुष्यात सापडतो.

फ्रीमाँटवर वॉशिंग्टनमध्ये खटला चालू होता, त्याच आठवड्यांत त्याच शहरात, इलिनॉय राज्यातून नव्याने निवडून आलेला एक प्रतिनिधी त्याच युद्धाविरुद्ध ठराव मांडत होता. अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकनांचे रक्त सांडले म्हणून युद्ध पुकारले, असे राष्ट्राध्यक्ष सांगतात. तर ती नेमकी जागा कोणती आणि ती खरोखर अमेरिकेची होती का, हे त्यांनी दाखवावे, अशी मागणी डिसेंबर १८४७ मध्ये करणारा हा प्रतिनिधी म्हणजे अब्राहम लिंकन. सैन्य रणांगणात असताना असे प्रश्न विचारल्याबद्दल विरोधी पक्षाच्या वृत्तपत्रांनी त्यांची यथेच्छ टवाळी केली. याच युद्धाच्या व गुलामगिरीच्या निषेधार्थ मॅसॅच्युसेट्स राज्यात कर न भरता एक रात्र तुरुंगात काढणारा हेन्री डेव्हिड थोरो १८४९ साली आपला निबंध प्रसिद्ध करतो, आणि पुढे त्या विचाराची भेट गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्याशी होते. ज्या युद्धाने कॅलिफोर्निया अमेरिकेच्या पदरात पडला, त्या युद्धाला विरोध करणारे लोकच पुढे अमेरिकेचे मानबिंदू ठरले, ही वस्तुस्थिती कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी विसरण्यासारखी नाही.

या उदाहरणांचा अर्थ लावण्यासाठी निष्ठेचा विषय कोणता, हे वेगळे करून पाहावे लागते. देशातील माणसे व त्यांचे समाईक जीवन, त्या जीवनाला नियम घालून देणारी घटना, आणि ठरावीक मुदतीसाठी कारभार पाहणारे सरकार या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. यांपैकी तिसऱ्या गोष्टीवरील टीका ही पहिल्या दोहोंशी केलेली गद्दारी समजणे, हाच बहुतेक आरोपांमागचा घोटाळा असतो. अमेरिकेच्या घटनाकारांना या घोटाळ्याची धास्ती होती, कारण इंग्लंडमध्ये राजद्रोहाच्या व्याख्या ताणून विरोधकांचा काटा काढल्याचा इतिहास त्यांना माहीत होता. त्यांनी म्हणूनच देशद्रोहाची व्याख्या खुद्द घटनेत लिहिली आणि ती मुद्दाम अरुंद ठेवली: देशाविरुद्ध प्रत्यक्ष युद्ध करणे किंवा शत्रूला सामील होऊन मदत करणे एवढाच तो गुन्हा, आणि तोही एकाच उघड कृतीचे दोन साक्षीदार असल्यास किंवा आरोपीने खुल्या न्यायालयात कबुली दिल्यासच सिद्ध होणारा. नागरिकत्व घेताना म्हणावयाच्या शपथेतही पाठिंबा व संरक्षण द्यायचे ते घटनेला व कायद्यांना. कोणत्याही राष्ट्राध्यक्षाचे किंवा पक्षाचे नाव तीत येत नाही.

घटनेवरील निष्ठेलाच देशप्रेमाचा गाभा मानणाऱ्या भूमिकेला जर्मन राज्यशास्त्रज्ञ डॉल्फ श्टेर्नबेर्गर यांनी १९७९ साली संविधाननिष्ठ देशभक्ती असे नाव दिले. वंश, भाषा आणि पराक्रमाच्या कथा यांवर उभारलेल्या राष्ट्रप्रेमाने काय घडवले हे पाहिलेल्या देशातून हा विचार यावा, हे स्वाभाविकच होते. याउलट अॅलिस्डर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाने १९८४ मधील एका व्याख्यानात असे मांडले की, केवळ तत्त्वांवर प्रेम करणाऱ्याला देशभक्त म्हणता येणार नाही, कारण तीच तत्त्वे दुसऱ्या देशात अधिक चांगली पाळली गेली तर तो तिकडे वळेल. खऱ्या देशभक्ताला आपल्या राष्ट्राचा समाईक प्रवास कोठेतरी प्रश्नांच्या पलीकडे ठेवावाच लागतो. हा आक्षेप वजनदार आहे. तथापि मॅकिंटायर यांनीच उदाहरण दिले ते हिटलरविरुद्धच्या कटात सामील होऊन १९४४ साली फाशी गेलेल्या अॅडम फॉन ट्रॉट यांचे, ज्यांनी जर्मनीसाठीच जर्मनीच्या सरकारचा अंत इच्छिला. म्हणजे देशप्रेमाची कल्पना तत्त्वाची घ्या किंवा मातीची, सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा दोन्हींत शिल्लक राहते. फरक पडतो तो प्रश्न कोणत्या भूमीवर उभे राहून विचारायचा एवढाच.

फ्रीमाँट परिसरापुरता या प्रश्नाचा सर्वांत कठोर कस लागला तो १९४२ साली. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला, आणि त्याच्या बळावर पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरे व शेते सोडायला लावून कुंपणाच्या आतील छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांतील जवळपास दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकेचे नागरिक होते. आज फ्रीमाँटचा भाग असलेल्या सेंटरव्हिलमधील शेतकरी कुटुंबे मे १९४२ मध्ये सामानाच्या गाठोड्यांसह बसची वाट पाहत उभी होती, हे निश्चितपणे सांगता येते ते डोरोथिया लँग यांच्या छायाचित्रांमुळे. सरकारी खात्याने नोंदीसाठी नेमलेल्या लँग यांना ही कारवाईच अन्यायाची वाटत होती, आणि त्यांच्या चित्रांतून ते इतके स्पष्ट दिसत होते की लष्कराने युद्ध संपेपर्यंत ती दाबून ठेवली. सरकारचेच वेतन घेऊन, सरकारनेच नेमून दिलेले काम चोख करून नोंदवलेला असा मतभेद दुर्मीळच.

फ्रीमाँट ज्यात येते त्याच आलमेडा परगण्यातील ऑकलंड येथे १९१९ साली जन्मलेल्या फ्रेड कोरेमात्सु या वेल्डिंगचे काम करणाऱ्या तरुणाने छावणीत जाण्यास नकार दिला. त्याचा नकार आरंभी काही तत्त्वनिष्ठ सत्याग्रह नव्हता: इटालियन वंशाच्या प्रेयसीजवळ राहता यावे म्हणून त्याने चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेतली, खोटे नाव धारण केले, आणि ३० मे १९४२ रोजी सॅन लिअँड्रो येथे तो पकडला गेला. सविनय कायदेभंगाची जी व्याख्या जॉन रॉल्स यांनी १९७१ साली केली, तीत कृती उघड, अहिंसक, विवेकबुद्धीला स्मरून केलेली आणि परिणाम भोगण्याची तयारी ठेवून केलेली असावी लागते. या व्याख्येत सिअॅटलमधील गॉर्डन हिराबायाशी हा क्वेकर पंथीय विद्यार्थी, किंवा कायद्याची कसोटी व्हावी म्हणून संचारबंदी मोडून स्वतः पोलीस ठाण्यात गेलेला पोर्टलंडचा वकील मिनोरू यासुई, हे दोघे नेमके बसतात, कोरेमात्सु बसत नाही. मात्र तुरुंगात भेटायला आलेल्या अर्नेस्ट बेसिग या नागरी हक्क कार्यकर्त्याने खटला लढवण्याविषयी विचारले तेव्हा त्याने होकार दिला, आणि तेथून त्याच्या नकाराला घटनात्मक अर्थ आला. १८ डिसेंबर १९४४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली.

या काळात त्याला सर्वांत जास्त सोसावे लागले ते आपल्याच लोकांकडून. जपानी अमेरिकन नागरिक संघटनेचे धोरण सरकारशी पूर्ण सहकार्य करून निष्ठा सिद्ध करण्याचे होते, आणि कोरेमात्सुसारखे लोक साऱ्या समाजाला संशयाच्या फेऱ्यात ढकलतात असे छावण्यांतील अनेकांना वाटत होते. अल्पसंख्य स्थलांतरित समाजात हा तर्क नेहमीच जोर धरतो, आणि तो सरसकट भ्याडपणाचाही नसतो. ज्यांच्या मुलाबाळांवर बंदुका रोखलेल्या आहेत त्यांना सावधपणाचा हक्क असतो. १९४३ च्या आरंभी छावण्यांतील प्रौढांना एक प्रश्नावली देण्यात आली. तिच्यातील २७ व्या प्रश्नात लष्करात लढण्याची तयारी विचारली होती आणि २८ व्या प्रश्नात अमेरिकेवरील निष्ठेची हमी व जपानी सम्राटावरील निष्ठेचा त्याग मागितला होता. ज्यांनी अशी निष्ठा कधी बाळगलीच नव्हती त्या तरुणांना ती सोडल्याचे लिहून देणे म्हणजे नसलेला गुन्हा कबूल करणे वाटले. ज्या वृद्धांना कायद्याने अमेरिकेचे नागरिकत्व मिळूच शकत नव्हते, त्यांना ते लिहून दिल्यास कोणत्याच देशाचे न राहण्याची भीती होती. दोन्ही प्रश्नांना नकार देणारे हजारो लोक उत्तर कॅलिफोर्नियातील ट्यूल लेक येथे हलवले गेले. होकार देणाऱ्यांतील अनेक तरुण ४४२ व्या पलटणीत गेले, आणि आकार व सेवेचा काळ पाहता अमेरिकेच्या इतिहासात तिच्याइतकी शौर्यपदके दुसऱ्या पलटणीला मिळाली नाहीत.

वायोमिंगमधील हार्ट माउंटन छावणीतील तरुणांनी तिसरी वाट धरली. आमचे नागरिकत्व आधी मान्य करा, आमच्या कुटुंबांना सोडा, मग आम्ही आनंदाने सैन्यात येऊ, असे सांगून त्यांनी सक्तीच्या भरतीस नकार दिला; १९४४ साली त्यांच्यापैकी ६३ जणांना एकत्र खटला चालवून तुरुंगात पाठवण्यात आले आणि १९४७ साली राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी त्यांना माफी दिली. पलटणीत मेलेले आणि तुरुंगात गेलेले, यांपैकी देशभक्त कोण, हा वाद त्या समाजात पुढे अर्धे शतक धुमसत राहिला, आणि २००२ साली त्याच नागरिक संघटनेने तुरुंगात गेलेल्यांची जाहीर क्षमा मागितली. पलटणीने देशावरील आपला हक्क रक्ताने सिद्ध केला, तर तुरुंगात गेलेल्यांनी तो हक्क सिद्ध करावा लागणे हेच चूक असल्याचे दाखवून दिले. एकाशिवाय दुसऱ्याचे काम अपुरे राहिले असते.

न्यायालयीन शेवट यायला बराच काळ जावा लागला. लष्करी कारणे खोटी असल्याचे दाखवणारा पुरावा सरकारने सर्वोच्च न्यायालयापासून लपवल्याची कागदपत्रे सापडल्यावर, शिक्षा भोगून झाल्यानंतरही मूलभूत अन्यायाच्या कारणाने निकाल रद्द करण्याची जी दुर्मीळ तरतूद आहे तिचा आधार घेऊन अर्ज करण्यात आला, आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी कोरेमात्सुची शिक्षा रद्द केली. १९८८ च्या कायद्याने हयात असलेल्या प्रत्येक बंदिवानाला माफीपत्र व २० हजार डॉलर देण्यात आले. तो कायदा पुढे नेणाऱ्यांत शेजारच्या सॅन होजेचे प्रतिनिधी नॉर्मन मिनेटा होते, ज्यांचे बालपण हार्ट माउंटनच्या कुंपणात गेले होते. १९९८ साली कोरेमात्सुला देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, आणि २०११ पासून कॅलिफोर्निया ३० जानेवारी हा त्याचा जन्मदिवस राज्यभर पाळते.

त्या युद्धकाळातील सर्वोच्च न्यायालयाचे वर्तन एकसुरी नव्हते. १४ जून १९४३ रोजी, जेहोवाचे साक्षीदार या पंथातील मुलांना शाळेत ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही असा निकाल न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिला. तीनच वर्षांपूर्वी याच न्यायालयाने नेमका उलट निकाल दिला होता आणि त्यानंतर या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले होते. पुढे कोरेमात्सु खटल्यात अल्पमतात उभे राहिलेले जॅक्सन ते हेच. लगेच पुढच्या आठवड्यात, २१ जून रोजी, न्यायालयाने विल्यम श्नायडरमन या कॅलिफोर्नियातील कम्युनिस्ट पुढाऱ्याचे नागरिकत्व केवळ त्याच्या विचारांमुळे काढून घेता येणार नाही असे ठरवले, आणि त्याच दिवशी हिराबायाशीची संचारबंदीबाबतची शिक्षा कायम केली. विचार वेगळा असणे खपवून घेतले गेले, चेहरा वेगळा असणे खपवले गेले नाही, असा याचा रोखठोक अर्थ निघतो. फ्रीमाँटच्या शाळांतून रोज म्हटल्या जाणाऱ्या ध्वजनिष्ठेच्या प्रतिज्ञेत सामील न होण्याचा हक्क मराठी मुलांनाही आहे तो १९४३ च्या त्या पहिल्या निकालामुळे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८६ साली, त्याच पंथाच्या केरळमधील तीन मुलांना राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभे राहून पण न गाता शाळेत राहण्याचा हक्क मान्य केला.

मराठी माणसाचा कॅलिफोर्नियाशी राजकीय संबंध या साऱ्याच्या आधीचा आहे. १९१३ साली प्रशांत किनाऱ्यावर स्थापन झालेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोतून वृत्तपत्र चालवणाऱ्या गदर पक्षात बहुसंख्य पंजाबी शेतकरी व मजूर असले तरी वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे आणि तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हे त्याच्या अग्रणींपैकी होते. अभियांत्रिकी शिकण्यासाठी अमेरिकेत आलेले पिंगळे १९१४ साली भारतात परतले, मार्च १९१५ मध्ये मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फाशी गेले; खानखोजे इराणमार्गे लढत राहिले व पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. मतभेद आणि बंड यांतील सीमारेषा येथे स्पष्ट करणे भाग आहे. ज्या सत्तेत प्रजेला मत नाही, ती सत्ता बदलण्याचा कायदेशीर मार्गच नाही, तेथे विरोधाला बंडाखेरीज रूप मिळत नाही; म्हणून पिंगळे यांचे उदाहरण मतदानाचा हक्क असलेल्या नागरिकाला जसेच्या तसे लागू पडत नाही. ही मर्यादा न पाळता क्रांतिकारकांचा दाखला देणारे लोक विरोधकांतही असतात आणि सत्ताधाऱ्यांतही.

अमेरिकेनेही त्या काळी भारतीयांना सुखाने राहू दिले नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात सेवा केलेल्या भगतसिंग थिंद यांना सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली, ते कायद्याच्या अर्थाने गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले, आणि आधी नागरिक झालेल्या भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेण्याचे सत्र सुरू झाले. थिंद यांचेच वकील सखाराम गणेश पंडित यांनी स्वतःवर आलेली ती कारवाई लढवली, १९२६ साली ते अपिलात जिंकले, आणि ते सत्र थांबले. सरकारला न्यायालयात खेचणे हा देशात राहण्याचाच एक मार्ग असू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

मराठी वाचकाला या विषयात परकीय दाखल्यांची तशी गरज नाही. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा ज्युरीतील सात युरोपियन दोषी म्हणत होते व दोन भारतीय निर्दोष, आणि शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दिनशा दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते. ज्या दालनात ही शिक्षा झाली त्याच्या बाहेर, टिळकांचे त्या वेळचे निवेदन कोरलेली शिळा मुंबई उच्च न्यायालयाने मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांच्या हस्ते बसवली ती १९५६ साली, म्हणजे लष्करी न्यायालयाने दोषी ठरवलेल्या अधिकाऱ्याचे नाव कॅलिफोर्नियात एका नव्या शहराला मिळाले त्याच वर्षी.

स्वराज्य आल्यावर हा प्रश्न अधिक अवघड झाला, कारण आता सरकार आपलेच होते. आणीबाणी लागू असताना डिसेंबर १९७५ मध्ये कराड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी, स्वागताध्यक्ष आणि केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना, लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भीडपणे मांडली आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्या आरोग्यासाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. दुर्गाबाईंनी ना कोणाला शस्त्र उचलायला सांगितले ना परकीयांकडे दाद मागितली. भारताच्या घटनेने दिलेले वचन भारताच्या सरकारला ऐकवणे एवढेच त्यांचे कृत्य होते. जोवर विरोध उघड आहे, देशाच्या स्वतःच्या मान्य तत्त्वांना आवाहन करणारा आहे आणि परिणाम भोगण्यास तयार आहे, तोवर तो देशभक्तीशी केवळ सुसंगतच नाही, तर पुष्कळदा तिचा अधिक खर्चिक प्रकार आहे, असाच निष्कर्ष या साऱ्या उदाहरणांतून निघतो. शत्रूच्या सोयीसाठी खोटे पसरवणारा किंवा देशातील एखाद्या समाजाचा नायनाट इच्छिणारा माणूस मात्र सरकारचा विरोधक असला तरी या व्याख्येत येत नाही, आणि सरकारचा समर्थक असला तरीही येत नाही.

परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या बाबतीत या निष्कर्षाला कायद्याची काही कुंपणे आहेत. ग्रीन कार्डधारक किंवा व्हिसाधारक यांना अमेरिकेत भाषणस्वातंत्र्य आहे, असे १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांचे पुढारी हॅरी ब्रिजेस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पण १९५२ साली त्याच न्यायालयाने पूर्वी कम्युनिस्ट पक्षात असलेल्या परकीयांची हद्दपारी कायम केली, त्यामुळे परकीयाचे संरक्षण नागरिकाइतके भक्कम समजता येत नाही. भारतीय वंशाच्या परकीय नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड हे दुहेरी नागरिकत्व नव्हे, आणि भारतीय घटनेविषयी अप्रीती दाखवल्यास ते रद्द करण्याचा अधिकार भारताच्या नागरिकत्व कायद्यातील कलम ७-ड ने केंद्र सरकारला दिला आहे. अप्रीती हा शब्द टिळकांना शिक्षा देणाऱ्या राजद्रोहाच्या कलमातूनच आलेला असल्यामुळे, त्यावर मराठी माणसाने भाबडेपणाने विसंबू नये. दोन देशांत पाय असलेल्या माणसाने एका देशात मोकळेपणाने टीका करायची आणि दुसऱ्या देशातील टीकाकारांना मात्र देशद्रोही ठरवायचे, अशी सोयीस्कर विभागणी काही घरांत दिसते. ती विचाराने टिकणारी नाही.

आपल्या शहरापुरता तरी हा हक्क फ्रीमाँटमधील प्रत्येकाला पूर्णपणे वापरता येतो. कॅलिफोर्नियाच्या १९५३ च्या ब्राऊन कायद्यानुसार नगर परिषद, शाळा मंडळ किंवा तत्सम स्थानिक संस्थेच्या बैठका जनतेला खुल्या असतात, तेथे कोणालाही बोलण्याची संधी द्यावी लागते, हजर राहण्यासाठी नाव नोंदवण्याची अट घालता येत नाही, आणि संस्थेच्या धोरणावर किंवा सभासदांच्या कृतीवर टीका करण्यास बंदी घालता येत नाही. त्यासाठी नागरिकत्वाचा दाखला मागितला जात नाही.